आधी पेट्रोल, मग ठिणगी. इंजिन सर्वांत शेवटी

संपादक महोदय,

जुनी मोटरसायकल किकला दाद देईनाशी झाली, की मालकाच्या कानावर बहुतेक वेळा एकच निदान पडते : ‘इंजिनकाम निघालंय.’ नव्या गाड्यांविषयी वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते; वीस-तीस वर्षांची गाडी सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला चार ओळीही क्वचित येतात. म्हणून हा पत्रप्रपंच. सांगायचे एवढेच, की इंजिन खोलण्याचा निर्णय तपासणीच्या शेवटी यायला हवा. प्रत्यक्षात तो आधीच होऊन बसतो आणि तपासणी राहूनच जाते. त्यापायी धडधाकट इंजिने कायमची नासतात.

‘कायमची’ हा शब्द उगाच वापरलेला नाही. सिलिंडरचा बोअर (ज्या पोकळीत पिस्टन वरखाली होतो ती) आयुष्यात मोजक्या वेळाच वाढवता येतो. बहुतेक गाड्यांना मूळ मापानंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. म्हणजे चार संधी. गरज नसताना केलेले एक रीबोअर यातली एक संधी खाते, आणि जुन्या मॉडेलचे मधल्या मापाचे पिस्टन बाजारात मिळेनासे झाले असतील तर एकदम दोन. त्यानंतर नवी स्लीव्ह बसवण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय वर्षानुवर्षे एकमेकांशी घासून बसलेल्या पिस्टनच्या रिंगा आणि बोअर एकदा वेगळे केले, की त्या रिंगा पुन्हा तशाच बसतील याचा भरवसा नसतो. जुने गॅस्केट पेचकसाने खरवडले की ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि तिथून ऑइल झिरपते. स्टडचे आटे जातात, कूलिंगच्या पात्या तुटतात. यातले काहीही गाडीच्या वयामुळे झालेले नसते.

म्हणून पहिला संशय पेट्रोलवर घ्यावा. टाकीत पेट्रोल आहे एवढ्याने भागत नाही. कॉकखालची नळी काढून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि कॉक उघडावा. अखंड धार लागली पाहिजे. (व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर इंजिन फिरल्याशिवाय किंवा ‘प्राइम’वर फिरवल्याशिवाय धार येणार नाही.) आधी धार आणि मग नुसते थेंब, असे झाले तर टाकीचे झाकण उघडावे. धार लगेच पूर्ववत झाली तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. बाहेरची हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी काही किलोमीटर छान चालते, मग गुदमरून बंद पडते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होते, ही तक्रार पुष्कळदा या टाचणीएवढ्या छिद्राची असते. ‘गरम झाली की इंजिन धरते’, म्हणजे पिस्टन आत अडकतो, असे सांगून याच तक्रारीवर पिस्टन बदललेले आढळतात.

पेट्रोल उतरते आहे, पण ते पेट्रोलच राहिले आहे का? फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या कप्प्यात, महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि तळाशी व्हार्निशसारखा चिकट थर राहतो. सर्वांत आधी बुजतो तो पायलट जेट, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा, कारण त्याचे छिद्र छोट्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. मग गाडी फक्त चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते, स्लोवर (रेस न देता) टिकत नाही. जेट काढून उजेडासमोर धरला तर आरपार अगदी गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपका धूसर किंवा अर्धवट दिसला तरी तो जेट बुजलेलाच आहे. साफ करताना पोलादी तार किंवा सुई घालू नये. जेट पितळेचा असतो, छिद्र जरासे मोठे झाले तरी माप बिघडते. कार्बोरेटर क्लीनर, दाबाची हवा आणि अगदीच गरज पडली तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरेशी होते. एअर स्क्रू किंवा मिक्श्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेऱ्या लागल्या ते लिहून ठेवावे, म्हणजे बसवताना तेवढ्याच बाहेर आणता येतो. जोर लावून आत दाबला तर त्याचे टोक बसकेत रुतते आणि मग त्या कार्बोरेटरचे स्लो कधीच नीट लागत नाही.

बिघाड नेमका किती रेसवर दिसतो हेही पाहावे. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये स्लोपासून थ्रॉटल अगदी थोडा उघडेपर्यंत पायलट जेटचा अंमल असतो, पुढे स्लाइडचा काप, पाव ते पाऊण उघडेपर्यंत सुईचा आणि त्यावर मेन जेटचा. स्लोला गाडी ठीक पण मधल्या रेसवर काळा धूर मारते आणि गुदमरते, तर सुई आणि ज्या पितळी नळीत ती वरखाली होते ती, दोन्ही झिजलेल्या असू शकतात. हँडलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या की हा तपास अंदाजाने करावा लागत नाही.

याच ओघात इथेनॉलचा विषय काढणे भाग आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावर इथे वाद घालायचा नाही. परिणाम तेवढे सांगतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल असेल तर सुमारे १४.१ पट, २० टक्के असेल तर १३.५ पटीच्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याचा जेट तेवढाच राहतो आणि मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाची लक्षणे म्हणजे रेस सोडताना सायलेन्सरमधून फटफट, थंड इंजिन उशिरा सुरू होणे, प्लगचे टोक पांढुरके दिसणे. उपाय कार्बोरेटरमध्येच आहे : सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, किंवा मेन जेट एखाद-दोन क्रमांकांनी मोठा. इंजिनाला हात लावायची गरज नाही.

दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या पेट्रोलनळ्या, कॉकमधले वायसर, फ्लोट चेंबरची रिंग, फ्लोट चेंबरात येणारे पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट सुईचे रबरी टोक हे सगळे इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेले असते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. ही सुई नीट बसेनाशी झाली की कार्बोरेटर ओव्हर होऊ लागतो, म्हणजे भरून वाहू लागतो, आणि गाडी रात्रभर कॉक उघडा ठेवून उभी राहिली तर पेट्रोल सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरूच करू नये. आधी सुई बदलावी, मग ऑइल. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलेले बेअरिंग मात्र खरोखरच इंजिनकाम काढते. नळ्या आणि रिंगा बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या, व्हायटॉन किंवा तत्सम रबराच्या घ्याव्यात. फायबरच्या टाक्या आणि टाकीला आतून लावलेली काही जुनी सीलरे इथेनॉलने विरघळून चिकट होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरी गोष्ट पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी, नेमके कॉकच्या तोंडाशी, जाऊन बसतात. काचेच्या बाटलीत तळाचे थोडे पेट्रोल काढून पाच मिनिटे स्थिर ठेवले, की दोन थर स्पष्ट दिसतात. असे पेट्रोल गाळून उपयोग नाही, सगळे काढून टाकावे लागते.

पेट्रोल निर्दोष ठरले की ठिणगी. प्लग काढून, टोपी लावून, प्लगचे धातूचे अंग हेडला घट्ट टेकवून किक मारावी. प्लगच्या उघड्या भोकापासून तो दूर धरावा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर प्लगची टोपी मोकळी सोडून किक मारण्याचा खेळ करू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही की विजेचा दाब आतल्या आत कॉइल किंवा सीडीआय युनिटवर (ठिणगीची वेळ साधणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) येतो. ठिणगी जाड आणि निळसर हवी. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी असेल तर आधी टोपी बदलून पाहावी. टोपीतल्या रोधकाचे माप साधारण ५ किलोओहम असते, मीटर भलतेच काही दाखवत असेल तर तीच गुन्हेगार. जाड वायरचे टोक ५ मिमी कापून टोपी पुन्हा फिरवून बसवली, तरी बऱ्याच गाड्या सुधारतात.

पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक स्विचच्या, गाड्यांची एक गंमत आहे, जी आता फार थोड्यांना ठाऊक असते. पॉइंटचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मिमी असतो. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसा गॅप कमी होतो; गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो; म्हणजे टायमिंग मागे पडते. गाडी गरम होते, चढावर लोड घेत नाही, सायलेन्सर तापतो. अगदी रिंगा गेल्याची लक्षणे! उपाय मात्र फिलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या) एका पट्टीचा आहे : आधी गॅप, मग टायमिंग. क्रम उलटा केला तर दोन्ही चुकतात. कॅमला टेकणाऱ्या फेल्टवर ग्रीसचा कण लावायला विसरू नये, तो कोरडा राहिला की टाच पुन्हा झिजते. पॉइंटच्या तोंडाशी मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि त्यावर एका बाजूला उंचवटा, दुसरीकडे खड्डा तयार झाला असेल तर कंडेन्सर बदलावा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी, झाकणाचे छिद्र तपासून झाले असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइलकडे बोट दाखवते.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली मोकळीक. टॅपेट वाजतात म्हणून गाडी आणणारे पुष्कळ. टॅपेट वाजत नाहीत म्हणून कोणी आणत नाही, आणि धोका तिथेच असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बंद असताना, बसकेला टेकून सोडतो. टॅपेट फार घट्ट लागला, की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, उष्णता सोडत नाही आणि कडेने जळतो. कॉम्प्रेशन जाते, किक हलकी लागते, आणि ‘रिंगा गेल्या’ असा निकाल येतो. टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात. फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण समोर आणावी आणि फ्लायव्हील किंचित मागेपुढे करून पाहावे. दोन्ही रॉकर ढिले राहिले तर कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) बरोबर. ते हलू लागले तर पिस्टन दुसऱ्या फेरीत आहे, आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक गाड्यांचे माप साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावा. पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पट्टी घालून पाहणे हा त्या कामाचाच भाग आहे. जुन्या बुलेटसारख्या पुशरॉडच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी : तिथे पुशरॉड बोटांनी सहज फिरेल, पण वरखाली खुळखुळणार नाही, असे लावतात.

एवढे सगळे करूनही गाडी दुबळीच राहिली, तर आता कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम, प्लग काढलेला आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. ही शेवटची अट सर्रास विसरली जाते. थ्रॉटल बंद ठेवून मोजले तर सिलिंडरला हवाच मिळत नाही, काटा खालीच राहतो आणि निरोगी इंजिन आजारी ठरते. काटा चढायचा थांबेपर्यंत किका माराव्यात. आकडा पुस्तकातल्यापेक्षा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, मागचा ब्रेक दाबून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडणे. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा. व्हॉल्व्हचा दोष असेल तर हेड उतरवून काम भागते, सिलिंडर हलवायची गरज नसते.

धुराचेही तसेच. सकाळी पहिल्या किकला निळा धूर आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्हची ऑइल सीले कडक झाली आहेत. रेस दिली की दर वेळी निळा धूर, तर रिंगांवर संशय. पण त्याआधी ऑइल गरजेपेक्षा जास्त भरले नाही ना आणि ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी दुमडली किंवा बुजली नाही ना, हे पाहावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर गच्च. थंडीत सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ हा दोषच नाही.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन सीलांवर सगळा खेळ असतो. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअर ऑइल ओढते : दाट पांढरट धूर येतो, प्लग सारखा काळा होतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर हवा ओढते : स्लो आपोआप चढतो, रेस सोडली तरी इंजिन लवकर खाली येत नाही. हे दुसरे लक्षण कधीच अंगावर काढू नये, कारण पातळ मिश्रणात ऑइलही कमी पोहोचते आणि पिस्टन धरतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना डबीच्या झाकणाने अंदाज घेण्याऐवजी मापाने घालावे : ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली.

आवाजावरून निदान करणारे कान दुर्मीळ झाले आहेत, पण दोन-तीन खुणा कोणालाही जमतील. क्लच दाबला की थांबणारा आवाज क्लचच्या पाळण्याचा असतो. थंड असताना येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी हलकी खटखट पिस्टनच्या मोकळीकीची; ती पुष्कळ वर्षे तशीच चालते. सायलेन्सरच्या गळ्याचे नट ढिले झाले तर येणारी टकटक हुबेहूब टॅपेटसारखी असते. लोडवर वाढणारा, खोल, जड ठोका मात्र कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगचा. तो ऐकू आला तर गाडी ढकलत न्यावी.

आणि खोलणे अटळच ठरले, तर मालकाने चार गोष्टींचा आग्रह धरावा. बोअर वर, मध्ये आणि खाली, एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी बोअर गेजने मोजून आकडे कागदावर लिहून घ्यावेत. नुसते नख फिरवून ‘पायरी पडली आहे’ म्हणणे हे मोजमाप नव्हे. रीबोअर करणाऱ्याच्या हातात नवा पिस्टन आधी द्यावा आणि बोअर त्या पिस्टनाच्या मापाने करून घ्यावा. नव्या रिंगा बोअरमध्ये एकेक सरळ बसवून टोकांमधला गॅप तपासावा. हवेवर थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोकला बोअरच्या दर २५ मिमीमागे ०.१ मिमी हा ढोबळ हिशेब, म्हणजे ५० मिमीच्या बोअरला ०.२ मिमी. काढलेला प्रत्येक भाग परत मागावा. मूळ कंपनीचा झिजलेला भागही पुष्कळदा आजच्या नकलेपेक्षा सरस निघतो, आणि काही नाही तरी नमुना म्हणून लागतो.

हत्यारांबद्दल थोडेसे. जपानी बनावटीच्या जुन्या गाड्यांच्या केसिंगवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले, तरी ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्सचा पेचकस त्यांत पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळतो आणि खाच गोल करतो. जेआयएस पेचकस किंवा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ पाने लागतात. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना नटाचे कोपरे खातो. ॲल्युमिनियमात अडकलेला लोखंडी बोल्ट निघत नसेल तर आजूबाजूचा भाग हॉट एअर गनने तापवावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. बसवताना ६ मिमीच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरे. लांब दांड्याचा पाना घेऊन ‘आणखी थोडे’ आवळले, की आटे हातात येतात.

आता उभ्या गाडीविषयी, कारण जुन्या गाड्यांचा बराच काळ उभ्याने जातो. दर आठवड्याला पाच मिनिटे जागेवर सुरू करून बंद करण्याची पद्धत नुकसानीची आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन नीट तापले तर ते बाहेर पडते. पाच मिनिटांत ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारी पिवळसर साय म्हणजे तेच पाणी. चालवायचीच तर दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, नाहीतर अजिबात सुरू करू नये. काही महिने उभी ठेवायची असेल तर आधी ऑइल बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्ले बेअरिंगवर बसून राहतात. टाकी पूर्ण भरून स्टॅबिलायझर घालावा किंवा पूर्ण रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवावा. अर्धी टाकी सर्वांत वाईट. फ्लोट चेंबर तळाच्या स्क्रूने रिकामे करावे. प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल सोडून इंजिन हाताने दोन-तीन वेळा फिरवावे आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर ठेवावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडके कोंबावे आणि त्याची एक चिंधी बाहेर लोंबत ठेवावी, काढायला विसरू नये म्हणून. वर प्लॅस्टिक टाकू नये. ओल आत कोंडते; हवा खेळेल असे कापडी आवरण घ्यावे.

अशी गाडी उठवताना थेट किक मारणे हा दुसरा अपराध. आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा; उंदरांना ती जागा फार आवडते. मग प्लग काढून ऑइलचे थेंब सोडावेत, एक दिवस थांबावे आणि इंजिन हळू फिरवावे. अडकले असेल तर जोर करू नये. डिझेल किंवा पातळ भेदक ऑइल आत सोडून दोन-चार दिवस वाट पाहावी, वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलक्या झटक्यांनी मागेपुढे करावे. किकच्या दांड्यावर उभे राहिले तर गंजाने धरलेली रिंग तुटते, आणि मग इंजिनकाम खरेच निघते. टाकीत गंज असेल तर कोमट पाण्यात लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ती काठोकाठ भरावी, १२ ते २४ तास ठेवावी, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन गरम हवेने लगेच वाळवावी. वाळवायला उशीर केला तर तासाभरात नारिंगी तांब पुन्हा चढते. कॉक आणि झाकण आधी काढून ठेवावे.

ऑइलबाबत एकच सांगणे. ज्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए२’ छापलेले ऑइल लागते. मोटरसायकल ऑइलचे हे जपानी मानक १९९८ पासून आहे. मोटारीसाठीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच घसरवतात. मग रेस वाढते, वेग वाढत नाही, आणि पुन्हा इंजिनालाच दोष जातो.

विजेच्या बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या निघतात. चेसिसला पावडर कोटिंग करून घेतले, की अर्थिंगच्या बोल्टाखालीही रंग जातो आणि दिवे मंद, हॉर्न घोगरा, बॅटरी सतत उतरलेली. तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा, वर ग्रीस लावावे. याच कोटिंगखाली चेसिस नंबर बुजला तर कागदपत्रांच्या तपासणीत मालक अडचणीत येतो, म्हणून नंबरावर आधी पट्टी चिकटवायला सांगावे. चार्जिंग तपासताना बॅटरीवर स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि रेस वाढवल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत (हा हिशेब १२ व्होल्टच्या गाड्यांचा). १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बदलावा, नाहीतर तो बॅटरी उकळून टाकील.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला असे नाही. बाजूवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे पाहावेत : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा, आणि त्यावर बसू नये. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये लायनिंग शूपासून सुटून येण्याचा धोका असतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. डिस्कचे ब्रेक फ्लुइड ओल शोषते म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. चोरीचे म्हणाल तर जुन्या गाड्यांचे हँडल लॉक मुळातच लेचेपेचे असते. जाड साखळी चेसिसमधून घेऊन पक्क्या खांबाला, जमिनीपासून वर बांधावी.

आता आपल्या दैनिकामार्फत दोन मागण्या. पंपावरच्या प्रत्येक नळावर पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेले असावे. जेट कोणता लावायचा हे त्यावर ठरते. आणि बंद झालेल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअले कंपन्यांनी सर्वांसाठी खुली करावीत. टॅपेटचे माप, फ्लोटची उंची, बोअरची झीज-मर्यादा हे आकडे गुप्त ठेवून आता कोणाचाच फायदा नाही, आणि ते हाती नसल्यामुळेच गॅरेजमध्ये अंदाजपंचे काम चालते.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक